‘मला कोणतेही मशीन लावू नये’

प्रश्न : आदरणीय फादर, माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना फुप्फुसांचा जुना विकार असून गेल्या वर्षभरात दोनदा अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. दुसऱ्या खेपेला घरी आल्यावर त्यांनी वहीच्या पानावर तीन वाक्ये लिहून खाली सही केली : ‘मला कोणतेही मशीन लावू नये. नळीने अन्न देऊ नये. मला कोणावर ओझे होऊन जगायचे नाही.’ हेच आपले लिव्हिंग विल, म्हणजे स्वतः ठरवता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार हवेत-नकोत हे आधी लिहून ठेवणारा कागद, असे ते म्हणतात. माझ्या भावाच्या मते असा कागद करणे म्हणजे आत्महत्येला संमती देणे होय. ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे? आणि वडिलांच्या वतीने निर्णय घेण्यासाठी आम्हा दोघांपैकी कोणाचे नाव घालावे? — एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या भावाची भीती प्रामाणिक असली तरी तिला शिकवणीचा आधार नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२७८ वा परिच्छेद स्पष्ट सांगतो की जे उपचार अतिशय कष्टदायक, धोक्याचे, असामान्य किंवा अपेक्षित गुणाच्या मानाने अवाजवी आहेत, ते थांबवणे न्याय्य ठरू शकते. कारण तेथे मरण घडवून आणण्याचा हेतू नसतो, ते रोखणे आपल्या हाती उरलेले नाही एवढेच स्वीकारलेले असते. रुग्णाला स्वतः ठरवता येत नसेल तेव्हा त्याच्या रास्त इच्छेचा मान राखावा, असेही तेथेच म्हटले आहे. ती इच्छा आधी कळवून ठेवणारा कागद पाप कसा ठरेल? व्हॅटिकनमधील श्रद्धा-सिद्धांत मंडळाच्या २०२० सालच्या ‘सामारितानुस बोनुस’ या पत्रातही अशा पूर्वलिखित इच्छेचा उल्लेख आहे. मात्र दयामरण किंवा आत्महत्या ठरेल असे कोणतेही कृत्य तिच्या आडून करता येणार नाही, ही अट त्याला जोडलेली आहे.

तेव्हा कागद असावा. पण वडिलांनी लिहिलेली वाक्ये जशीच्या तशी राहू नयेत, असे माझे मत आहे.

पहिलेच वाक्य घ्या. न्यूमोनिया झाला, प्रतिजैविके लागू पडेपर्यंत चार-पाच दिवस व्हेंटिलेटर लावला आणि माणूस पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसला, तर ते यंत्र त्या दिवसांपुरते औषधच होते. फुप्फुसे पूर्ण निकामी झाली आहेत, यंत्र काढता येण्याची आशा डॉक्टरांनाच उरलेली नाही आणि घशातली नळी सोसवत नाही, अशा वेळी तेच यंत्र मरणाची वेळ केवळ लांबवत असते. यंत्र एकच, परिस्थिती दोन. १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर बोलताना पोप बारावे पायस यांनी सामान्य आणि असामान्य उपायांमधील जो भेद मांडला, तो यंत्रांची यादी पाहून ठरत नाही. या रुग्णाला, या अवस्थेत त्यापासून किती लाभ आणि किती क्लेश, यावर ठरतो. म्हणून वडिलांनी असे लिहावे की बरे होण्याची वाजवी आशा असेल तर ठरावीक मुदतीपुरते यंत्र चालेल, पण ती आशा संपल्यावर नको.

अन्नाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अन्न आणि पाणी, मग ते नळीने का असेना, ही तत्त्वतः सामान्य शुश्रूषा मानली जाते. दीर्घकाळ निश्चेतन राहिलेल्या रुग्णांविषयी श्रद्धा-सिद्धांत मंडळाने २००७ साली दिलेल्या उत्तरात हेच ठामपणे सांगितले गेले. पण शरीराला अन्न पचवता येत नसेल किंवा नळीमुळेच मोठा त्रास होत असेल, तर ते बंधन राहत नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे शिकवणारे धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनीही म्हटले होते की ज्या आजाऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे आणि घास गिळणे ज्याला यातना वाटते, त्याला न खाल्ल्याचा दोष लागत नाही. वडिलांचे सरसकट ‘नळी नको’ मात्र या मर्यादेबाहेर जाते.

तिसरे वाक्य मला सर्वांत अस्वस्थ करते. शिकवणीत ‘ओझे’ हा शब्द उपचाराला लागतो, माणसाला नव्हे. कुटुंबावर अवाजवी खर्च पडू नये म्हणून एखादा उपचार नाकारणे त्याच मंडळाच्या १९८० च्या दयामरणविषयक घोषणापत्राला मान्य आहे. आपण जगतो आहोत हेच इतरांना भारी झाले आहे असे मानून मरण पत्करणे मान्य नाही. हे वाक्य खोडण्यापूर्वी ते वडिलांना का लिहावेसे वाटले, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. कदाचित त्या कागदातले सर्वांत खरे दुखणे तेच असेल.

त्या जागी दोन गोष्टी याव्यात. एक, धाप आणि वेदना शमवण्याची औषधे द्यावीत. हेतू वेदना शमवण्याचाच असेल आणि मात्रा गरजेपुरती असेल, तर आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता दिसत असली तरी मॉर्फिन निषिद्ध नाही. दुसरी, शुद्ध असतानाच धर्मगुरूंना बोलवावे, म्हणजे पापनिवेदन, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) आणि अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद त्यांना जाणतेपणी घेता येईल. बहुतेक घरांत आम्हाला फार उशिरा निरोप येतो.

आता नावाविषयी. कितीही वाक्ये लिहिली तरी प्रत्यक्ष प्रसंग कागदात बसत नाही, म्हणून मी नावाला वाक्यांहून अधिक महत्त्व देतो. जो डॉक्टरांना न बिचकता प्रश्न विचारील आणि स्वतःच्या अपराधी भावनेपोटी उपचार लांबवणार नाही, त्याचे नाव वडिलांनी स्वतः निवडावे. ते तुमचे असो वा भावाचे, दुसऱ्याने ते प्रथम वडिलांच्या तोंडून ऐकावे, रुग्णालयाच्या व्हरांड्यात कागद उघडल्यावर नव्हे. कागदाला कायद्याने मान्यता मिळावी म्हणून साक्षीदार आणि साक्षांकन कसे लागते, ते वकिलांना विचारून घ्या.