कृष्णकमळाचा अर्क: वाचकांच्या शंका

झोपेसाठी कृष्णकमळाचा अर्क घ्यावा का, अशी पत्रे थांबत नाहीत. काहींना इथेच उत्तर देतो.

प्र. ग्रिलवर कृष्णकमळाचा वेल आहे. पाने उकळून प्यावीत का? (मुलुंड)

नाही. औषधी अर्क पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या मूळच्या अमेरिकेतल्या जातीचा असतो. तुमचा वेल बहुधा दुसऱ्या जातीचा आहे. या कुळातल्या काही जातींच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात.

प्र. पाचवा महिना आहे, झोप येत नाही. चालेल का? (दादर)

चालणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्र. सासूबाई ७२ वर्षांच्या. कैक वर्षे रात्री झोपेसाठी क्लोनाझेपामची गोळी घेतात. केमिस्ट म्हणाला, ती बंद करून हा अर्क द्या, सवय लागत नाही. (गोरेगाव)

कृपा करून असे काही करू नका. वर्षानुवर्षांची ही गोळी एकाएकी तोडली तर झोप उडते, घबराट होते, हातपाय थरथरतात, फिट्सही येऊ शकतात. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायची. दोन्ही एकत्र देणेही धोक्याचे, कारण गुंगी वाढते. रात्री बाथरूमला उठताना तोल गेला आणि या वयात खुब्याचे हाड मोडले, तर माणूस अंथरुणाला खिळतो. अर्क अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. २००१ मध्ये इराणमधल्या एका चाचणीत त्याने चिंतारोगात ऑक्साझेपामच्या, म्हणजे क्लोनाझेपामच्याच गटातल्या गोळीच्या, तोडीचा गुण दाखवला होता. पण रुग्ण होते ३६ आणि मुदत चार आठवड्यांची. तेवढ्या बळावर केमिस्टने काउंटरवरून कुणाची जुनी गोळी बदलावी, याचा मला संताप येतो. सासूबाईंना घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

प्र. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिले आहे, एफएसएसएआयचा क्रमांकही आहे. मग भीती कसली? (बोरिवली)

धोतराही नैसर्गिकच. तो क्रमांक खाद्यपदार्थाच्या परवान्याचा आहे, औषध म्हणून गुण तपासल्याचा नव्हे. लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि अर्काचे मिलिग्रॅम नसतील तर बाटली परत करा.

प्र. रात्रपाळीला टॅक्सी चालवतो. घेऊन गाडी चालवू का? (कुर्ला)

अजिबात नाही. याने गुंगी आणि चक्कर येते. दारूसोबतही नको.

प्र. पुढच्या आठवड्यात हर्नियाचे ऑपरेशन आहे. अर्क घेतो हे सांगायला हवे का? (परळ)

हवेच, आणि आजच सांगा. भुलीच्या औषधांचा परिणाम याने वाढू शकतो. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर आठवण झाली, तर भूलतज्ज्ञाला ऑपरेशन पुढे ढकलावे लागू शकते.