पहिला उन्हाळ कांदा काढताना

भाऊ, शेजाऱ्याने काढला म्हणून तुम्ही घाई करू नका. निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात मानेत मोडून आडवी झाली, की काढा. पाणी त्याआधी दोन-तीन आठवडे तोडलेलं हवं. भाव बघून शेवटचं पाणी देण्याचा मोह मीही केला होता. वजन वाढलं, अन् आषाढात कांदा साठवायच्या चाळीतून सडक्या कांद्याचं पाणी गळायला लागलं!

- काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वावरातच सुकवा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येऊ द्या, ऊन थेट लागत नाही.
- मान बोटाच्या पेरभर ठेवूनच कापा.
- जोड (जुळे कांदे), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आधी विका.

काढणी पहाटेच धरा, अकरानंतर माणूस टिकत नाही. चाळीचं गणित पुढच्या वर्षी बघू.