आधी पेशी निवड, मग विषाणू
खारघरच्या लॅबमध्ये नवीनच लागली आहेस, तर एक सांगते. सगळे तुझ्या हातात व्हेरो पेशी देतील. आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या या पेशी टाइप-१ इंटरफेरॉन (विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन) तयारच करत नाहीत, म्हणून विषाणू त्यांत बिनबोभाट वाढतो. विषाणूचा साठा वाढवायला, प्लाक (विषाणूने पेशी मारून पाडलेली भोकं) मोजायला उत्तम. पेशी प्रतिकार कसा करते ते बघायला मात्र कुचकामी. २०२० मध्ये क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने व्हेरोत कोरोना विषाणू अडवला, फुफ्फुसाच्या कॅलू-३ पेशींत नाही. कॅलू-३ मध्ये टीएमपीआरएसएस२ हे एन्झाइम असतं. त्याच्या मदतीने विषाणू पृष्ठभागावरूनच आत शिरतो, एंडोसोमची (पेशीतल्या आम्लधर्मी पिशवीची) वाट त्याला लागतच नाही. व्हेरोत तो याच वाटेने जातो, आणि क्लोरोक्विन तीच वाट अडवतं. पेशींत नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची तपासणी नियमित कर, सर खर्चावरून कुरकुरले तरी. आणि हार्बरची गाडी पकडायच्या घाईत फ्लास्कवर पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) लिहायचा राहतो, तो आधी लिही.