एक्स-रे काढायला चार वर्षं शिकायचं? वाचकांचे प्रश्न

बारावीनंतरच्या पॅरामेडिकल कोर्सेसबद्दल या पानावर लिहिलं त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय काढायला शिकवणाऱ्या डिग्रीवर. वीसेक वर्षं मी याच कामात आहे, त्यामुळे यावेळचं सगळं पान त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: मुलाला बारावी सायन्सला ५८ टक्के पडले, नीटमधे जमलं नाही. आता बीएस्सी मेडिकल इमेजिंग करायचं म्हणतोय. आमचा भाचा एका डायग्नोस्टिक सेंटरला कामाला आहे, तो म्हणतो बटणच तर दाबायचं असतं, सहा महिन्यांचा कोर्स कर आणि लाग कामाला. चार वर्षं घालवावीत का? (सांगोल्याहून एक वडील)

उत्तर: दादा, घालवावीत. का ते जरा सविस्तर सांगते कारण हा बटणाचा प्रश्न मला नातेवाईकांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय.

छातीच्या एक्स-रेला एक्स्पोजर होतं सेकंदाच्या एक-दोन शतांश भागात. बटण तेवढंच. त्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं म्हणजे आमचं काम. पेशंटची छाती प्लेटला टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपर पुढे ढकलायचे म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात, एक्स-रे सोडणारी ट्यूब १८० सेंटीमीटर अंतरावर ठेवायची नाहीतर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, मग मोठा श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. पेशंटने अर्धाच श्वास घेतला तर फुप्फुसाचा खालचा भाग पांढरट येतो आणि फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरला न्यूमोनियाची शंका येते. म्हणजे चांगला माणूस फिल्मवर आजारी दिसतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एक बाई आल्या, महिनाभराचा खोकला, फिल्मवर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पॅच, म्हणजे पांढरट डाग, अगदी स्पष्ट दिसत होता. टीबी बहुतेक तिथेच बसतो. मी फिल्म पुढे पाठवणार तेवढ्यात आमच्या सिनियर सरांनी ती लाइट बॉक्सवर लावली आणि एवढंच विचारलं, "वेणी वर बांधली होती का?" नव्हती. तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पाठीवर आली होती आणि तिचीच सावली फुप्फुसावर पडली होती. अंबाडा बांधायला सांगून परत फिल्म काढली, पॅच गायब. ती बाई सहा महिने टीबीच्या गोळ्या खात बसली असती की नाही माहीत नाही, पण दारातच घरच्यांचे चेहरे उतरले होते ते मला अजून आठवतात. तेव्हापासून वेणी, मंगळसूत्र, ताईत, ब्लाउजचे हूक सगळं आधी बघते आणि माझ्या हाताखालच्या पोरींना पण पहिलं हेच शिकवते.

दुसरं उदाहरण खुब्याचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन्ही पावलं साधारण १५ अंश आत वळवायची म्हणजे मांडीच्या हाडाची मान फिल्मवर पूर्ण लांबीत दिसते. बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता बाथरूममधे घसरून पडलेली ऐंशी वर्षांची आजी स्ट्रेचरवर आली, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला, तर तो पाय वळवायला हातसुद्धा लावायचा नाही, मोडलेलं हाड अजून सरकेल. मग साइडचा व्ह्यू कसा घ्यायचा? चांगला पाय वर उचलून आधारावर ठेवायचा आणि ट्यूब आडवी करून खालून बीम सोडायचा, आजी जशी झोपलीये तशीच. पुस्तक कधी पाळायचं आणि कधी बाजूला ठेवायचं हे सहा महिन्यांत येत नाही हो, त्याला अ‍ॅनाटॉमी लागते आणि शेकडो पेशंटना स्वतःचा हात लागलेला असावा लागतो.

कायद्याचं पण बघा. २०२१ मधे केंद्राने या सगळ्या पॅरामेडिकल व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांची डिग्री धरलीये आणि अलाइड हेल्थच्या डिप्लोमालाही किमान २००० तास. सहा महिन्यांचा कोर्स यात कुठेच बसत नाही, म्हणजे उद्या नोंदणीचा विषय आला की त्या सर्टिफिकेटवाल्या पोराची अडचण होणार. आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा डिग्री कोर्स आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. इतर विद्यापीठांच्या बीएस्सीही साधारण याच धर्तीवर असतात.

कॉलेज निवडताना मात्र बिल्डिंग बघू नका. सकाळी ओपीडीच्या वेळेला मुलाला घेऊन जा आणि एक्स-रे रूमच्या बाहेरच्या बाकड्यावर तासभर बसा. किती पेशंट आत जातायत, विद्यार्थी आत आहेत की कोपऱ्यात मोबाईलवर आहेत, सीटी आणि एमआरआय त्याच हॉस्पिटलमधे आहे की "टायअप आहे" असं सांगतायत. त्या तासाभरात जे कळेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

प्रश्न: मुलगी पहिल्या वर्षाला आहे, आता एक्स-रे खात्यात पोस्टिंग लागेल. शेजारपाजारचे म्हणतात रेडिएशनने पुढे मूल व्हायला त्रास होतो. सारखी धास्ती वाटते. (नाशिकहून एक आई)

उत्तर: ताई, धास्ती वाटणं साहजिक आहे, माझी आईसुद्धा असंच म्हणायची. (मला दोन मुलं आहेत आणि दोघांच्याही वेळी मी याच खात्यात नोकरीत होते.)

आपल्या देशात हे सगळं मुंबईच्या एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली चालतं. रेडिएशनमधे काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर डोस जाता कामा नये. तुलनेला सांगते, जमिनीतून, आकाशातून, हवेतून आपल्या सगळ्यांना मिळणारं नैसर्गिक रेडिएशनच जगभराच्या सरासरीत वर्षाला २.४ च्या आसपास असतं. नीट काम करणाऱ्याचा डोस त्या मर्यादेच्या खूप खाली राहतो, कारण एक्स्पोजरच्या वेळी आम्ही काचेच्या आड असतो आणि बटण सोडलं की एक्स-रे संपला, खोलीत काही साठून राहत नाही.

मुलीला काही गोष्टी मात्र सांगा. टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती डोस लागला ते मोजणारा बिल्ला, छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा, काम संपलं की काढून ठरलेल्या जागी ठेवायचा, एक्स-रे रूममधे विसरायचा नाही, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तो स्वतः बघायचा, ऑफिसच्या फाइलमधे पडू द्यायचा नाही. लेड अ‍ॅप्रन, म्हणजे किरण अडवणारा शिशाचा अ‍ॅप्रन, घडी करून खुर्चीवर टाकायचा नाही, आत भेगा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत, तो हँगरलाच. आणि रडणारं बाळ धरायला दर वेळी हिने पुढे व्हायचं नाही, बाळाच्या नातेवाइकाला अ‍ॅप्रन घालून उभं करायचं, कारण तो माणूस एकदाच धरणार आहे आणि हिचं रोजचं काम आहे. सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) असताना एक पाऊल मागे सरकली तरी फरक पडतो, अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो. पुढे दिवस राहिले तर लगेच कळवायचं, मग बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते आणि ड्युटी बदलून मिळते.

खरं सांगू का, मला विद्यार्थ्यांची जास्त काळजी एमआरआयमधे वाटते. तिथे एक्स-रे नाहीतच, पण लोखंडी वस्तू जोरात खेचणारं मॅग्नेट रात्री, सुट्टीला, मशीनवर पेशंट नसतानाही चालूच असतं. २०१८ मधे मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआय रूममधे नेला आणि एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. "बंद आहे, चला आत" असं कुणीही म्हटलं तरी मुलीने दारातच अडवायचं, समोर डॉक्टर असोत नाहीतर डीन.

प्रश्न: ही डिग्री झाल्यावर स्वतःचं सोनोग्राफी सेंटर टाकता येईल का? (लातूर)

उत्तर: सोनोग्राफी तुम्हाला करता येणार नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे ती पात्र डॉक्टरांनीच करायची असते. कुणी म्हणालं "मी आहे ना, तू फक्त प्रोब लाव", तर स्पष्ट नाही म्हणायचं, केस तुमच्यावरही होते.

प्रश्न: नोकरी, पगार आणि परदेश? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

उत्तर: सुरुवातीचा पगार छोट्या सेंटरला कमीच असतो आणि नाइट ड्युटी पदरात पडते. सीटी-एमआरआय हाताला आलं की मग भाव वाढतो. सरकारीमधे क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशा नावाने जागा निघतात, जाहिरातींवर लक्ष ठेवा. युकेला जायचं तर एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आखातात त्या-त्या ठिकाणची लायसन्सची परीक्षा. दोन्हीकडे मार्कशीटबरोबर सिलॅबस आणि क्लिनिकल तास मागतात, तेव्हा कॉलेजकडून ते कागद पास होतानाच शिक्क्यासकट घेऊन ठेवा, पाच वर्षांनी मागायला गेलात तर फार हेलपाटे पडतात.

प्रश्न: मॅडम, मी मराठी मीडियमची, रेडिएशन फिजिक्स अजिबात कळत नाहीये, पाठ करतेय आणि विसरतेय. सोडून देऊ का? (पहिलं वर्ष, परभणी)

उत्तर: सोडू नकोस गं. तू पाठ करतेयस म्हणून विसरतेयस. आधी मराठीत समजून घे, इंग्लिश शब्द मागून चिकटतात.

ट्यूबचंच घे. एका टोकाला तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या चकतीवर जोरात आदळतात. त्या आदळण्यातल्या शंभर भागातला जेमतेम एक भाग एक्स-रे होतो, बाकी सगळी नुसती उष्णता. आता तव्यावर एकाच जागी सतत मोठी आच लागली तर तेवढाच भाग जळतो ना, म्हणून भाकरी आपण फिरवत राहतो. इथे चकतीच फिरवतात, मिनिटाला हजारो फेरे. हाच तुझा रोटेटिंग अ‍ॅनोड. बटण अर्धं दाबल्यावर जो घुंऽऽ आवाज येतो ना, तो तिचाच. केव्ही म्हणजे आदळण्याचा जोर, किरण किती आत घुसणार ते त्यावर, आणि एमएएस म्हणजे किती इलेक्ट्रॉन सोडले ते. जाड माणसाला केव्ही का वाढवतो ते आता तूच मला सांगशील.

एक वही कर, त्यात फक्त रिजेक्ट झालेल्या फिल्म लिहायच्या, काय चुकलं, का चुकलं, किती केव्ही लावला होता, पेशंटचं नाव लिहायचं नाही. आणि तुमच्या खात्यात जुनी जळलेली ट्यूब कपाटात पडलेली असते बहुतेक, सर्व्हिस इंजिनिअर आले की त्यांना उघडून दाखवायला सांग. चकतीवर जळल्याची गोल रेघ उमटलेली दिसेल, बोट फिरवून बघ आणि मग परत तो धडा वाच. कळलं नाही तर मला परत लिही.