वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या खेड्यात युवा नेतृत्व शिबिर

प्रश्न : पेडणे तालुक्यातील आमचे युवक मंडळ दरवर्षी मे महिन्यात मुलांसाठी निवासी शिबिर घेते. किनाऱ्यावरील हॉटेलांत काम करणाऱ्या काही नेपाळी तरुणांशी आमचा परिचय झाला असून, लमजुंग जिल्ह्यातील त्यांच्या गावीही नेतृत्व शिबिर घ्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. पाच दिवसांचा कार्यक्रम आम्ही आखला आहे आणि व्याख्याते गोव्यातूनच नेणार आहोत. वेळ, परवानगी आणि मुलांची निवड याबाबत मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आपला उपक्रम मनापासून आवडला, तरीही आखलेला कार्यक्रम तूर्त बाजूला ठेवावा, अशी विनंती करतो. ज्यांनी आपल्याला आमंत्रण दिले ते तरुण गोव्यात आहेत. शिबिराला मुले पाठवणारे पालक, जागा देणारी शाळा आणि आपण परतल्यावर ते काम पुढे नेणारी माणसे गावात आहेत. त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच हातून शिबिराची आखणी झाली, तरच ते गावाचे शिबिर होईल.

सुरुवात वडा कार्यालयापासून, म्हणजे पालिकेच्या प्रभाग कार्यालयापासून करावी. नेपाळात 2017 पासून 753 स्थानिक पालिका काम करीत असून प्रत्येक वडात एक अध्यक्ष आणि चार सदस्य निवडून येतात. त्यांपैकी किमान दोन महिला आणि त्यांतील एक दलित समाजातील असावी, असे तेथील कायद्याने ठरवले आहे. गोव्याहून व्याख्याते नेण्यापेक्षा या दोन महिला सदस्यांना मुलांसमोर बसवावे. पहिल्यांदा सभेत बोलताना काय झाले, रस्त्याचे पैसे कोणत्या वस्तीला द्यायचे यावर वाद झाला तेव्हा त्यांनी कोणती बाजू घेतली, हे मुलांनी विचारावे आणि त्यांनी सांगावे. पालिकेच्या उपाध्यक्ष न्यायिक समितीच्या संयोजक असतात व शेजाऱ्यांमधील तंटे ऐकतात. त्या यायला तयार झाल्या तर एक पूर्ण सकाळ त्यांना द्यावी. नेतृत्वगुणांवरील भाषण मुले विसरतील, पण आपल्याच गावच्या बाईने तंटा कसा मिटवला, ते विसरणार नाहीत.

वेळेच्या बाबतीत आपल्या सवयीचा मे महिना सुदैवाने बराचसा जुळतो. तेथील दहावीची, म्हणजे एसईईची, परीक्षा साधारणपणे चैत्रात होते आणि निकाल लागेपर्यंत ही मुले मोकळी असतात. मात्र अनेक जण याच काळात ब्रिज कोर्ससाठी, म्हणजे अकरावीच्या पूर्वतयारीच्या वर्गांसाठी, शहरात जातात, म्हणून वैशाखातील नेमके दिवस शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारूनच ठरवावेत. आषाढात भाताची रोपणी सुरू झाली की घरातला एकही हात रिकामा नसतो, आणि दशैंच्या, म्हणजे तेथील दसऱ्याच्या मोठ्या सणाच्या, दिवसांत शिबिर ठेवणे म्हणजे पेडण्यात चवथीला शिबिर ठेवण्यासारखे होईल. दिवसाचे वेळापत्रकही तेथलेच असावे : सकाळचा डाळभात नऊ-दहाच्या सुमारास होतो व शाळा दहाला भरते, त्यामुळे आपल्याकडील सकाळी आठचे सत्र तेथे उपाशीपोटी भरेल. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

मुलांच्या निवडीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. यादी करण्याचे काम एकट्या शिक्षकांवर सोपवले तर वर्गात पुढे बसणारी, बोलकी मुलेच येतात. ज्या गावातून तरुण आखाती देशांत, मलेशियात किंवा भारतात कामाला जातात, तेथे मागे राहिलेल्या मुलींवर घर, गुरे आणि धाकटी भावंडे यांचा भार असतो, आणि नेतृत्वाच्या शिबिराची गरजही त्यांनाच अधिक असते. बाहेरगावच्या मंडळींबरोबर मुलीला रात्री राहू द्यायला आई-वडील कचरतात आणि त्यात गैर काहीच नाही. पहिल्या वर्षी शिबिर निवासी न ठेवता दिवसाचेच ठेवावे. आमा समूहाच्या, म्हणजे गावातील मातांच्या गटाच्या, एक-दोन जाणत्या स्त्रिया पूर्णवेळ सोबत असाव्यात. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्रांसाठी वेगळी परवानगी मागावी.

पाच दिवसांपैकी निदान दोन दिवस मुलांच्या हाती एक खरे काम द्यावे. समजा, त्यांनी धाऱ्यावरील, म्हणजे गावच्या सार्वजनिक पाणवठ्यावरील, पाण्याची रांग निवडली. तर कोण किती वाजता येते, कोणाला थांबावे लागते, याची नोंद त्यांनीच करावी, वस्तीतील मोठ्यांशी बोलावे आणि अखेरीस वडाध्यक्षांसमोर मागणी मांडावी. गटाचा प्रमुख रोज बदलावा. चर्चा नेपाळीत आणि घरची भाषा गुरुङ असल्यास तीतही होऊ द्यावी. आपल्या कार्यकर्त्यांनी बहुतेक वेळ ऐकावे.

परवानगीसाठी पालिकेशी लेखी पत्रव्यवहार करावा. विदेशी संस्थांना नेपाळात काम करण्यासाठी समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते, म्हणून आपण तेथे स्वतंत्रपणे निधी गोळा करू नये. शाळा किंवा नोंदणीकृत स्थानिक संस्था यजमान असावी आणि हिशेब तिनेच ठेवावा. अंदाजपत्रक नेपाळी रुपयांत करावे. भारतीय 100 रुपयांना नेपाळी 160 हा दर 1993 पासून स्थिर आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रौढांनी आधार कार्डावर विसंबून न राहता पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र सोबत ठेवावे. जवळची आरोग्य चौकी कोठे आहे आणि तेथून जिल्हा रुग्णालयात जायला वाहन कसे मिळते, याची चौकशी तिकिटे काढण्यापूर्वीच करावी. शक्य असल्यास या वर्षी आपल्यापैकी दोघांनीच जाऊन गावाची भेट घ्यावी आणि शिबिर पुढच्या वैशाखात ठेवावे.