लेखन आणि फिल्म करणाऱ्याला प्रवास, खाणं, वाइन, पुस्तकं, निसर्ग यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पण तुम्ही प्रश्नात पुढे लिहिलंय की नोकरी सांभाळून लघुपट करता, वर्षाला जेमतेम दहा दिवस मोकळे मिळतात, आणि त्यात जास्तीत जास्त ठिकाणं कशी बसवायची. त्यावर माझं म्हणणं असं, की एकच मुलूख निवडा आणि तिथे वर्षातून तीनदा जा. मी माहितीपट करते, लिहिते. आजवर माझ्या हाताला जे चांगलं लागलं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत लागलं. माझा मुलूख नाशिक जिल्हा, म्हणून तिथलंच सांगते.

पहिल्यांदा गेले ती सगळे जातात तशी फेब्रुवारीत, द्राक्षांसाठी. दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी उजाडायच्या आत सुरू होते. घड गार असतानाच वायनरीत पोचावे लागतात. ऊन चढलं की मणी तापतात, आणि दबून फुटलेल्यांचा रस वाटेतच आंबायला लागतो. अंधारात डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या बायका, कात्र्यांचा आवाज, भरत जाणारे क्रेट. मी ते सगळं छान टिपलं. घरी येऊन लावून पाहिलं तर फुटेज देखणं होतं आणि त्यात काहीही नव्हतं. बागेत पहिल्यांदा आलेला कोणीही ते आणू शकला असता.

निघताना बागेचे मालक म्हणाले होते, "ताई, द्राक्ष बघायचं तर मे महिन्यात या." मे महिन्यात वेलीवर एक मणी नसतो हे तोवर मला कळलेलं होतं. तरी गेले.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण माझी फिल्म यातूनच उभी राहिली. युरोपात थंडी पडली की वेल पानं गाळून झोपते आणि वसंतात पुन्हा फुटते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेलीला झोप अशी मिळतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. खरड छाटणीत वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, बोडकी करतात. मग नव्या काड्या फुटतात, आणि ऐन उन्हाळ्यात त्या काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे न फुटलेल्या कोंबाच्या, आत पुढच्या हंगामाचा घड बनू लागतो. त्या दिवसांत आभाळ सतत भरलेलं राहिलं, काडीला ऊन कमी मिळालं, की घड कमी. फेब्रुवारीत जो घड आपण कौतुकाने हातात धरतो, त्याचं भलंबुरं आदल्या उन्हाळ्यातच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मालकांनी खिशातला चाकू काढला, काडीवरचा एक डोळा खुडला आणि तळहातावर ठेवून उभा चिरला. आत टाचणीच्या टोकाएवढा हिरवट ठिपका. "यात घड आहे का नाही, ते नुसत्या डोळ्याला नाही दिसायचं." फळछाटणीच्या आधी ते काड्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कळतं की कितव्या डोळ्यात घड आहे, आणि कात्री त्या हिशेबाने लागते. त्यांचा तळहात चिकाने आणि मातीने काळा झालेला, मधोमध तो चिरलेला डोळा. माझ्या फिल्मचं पहिलं दृश्य तेच आहे.

त्याच फेरीत दुपारच्या उन्हातून सुटका म्हणून पांडवलेणीला गेले. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, आणि पहिल्या चित्रपटानंतर त्यांनी बस्तान हलवलं ते नाशिकलाच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे शाळेपासून पाठ असतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी काय केलं ते मात्र मला तिथे उभी असताना नव्याने आठवलं. कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपत 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म केली. ती बघून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आपल्या सिनेमाच्या मुळाशी एका कुंडीपुढे रोज येऊन बसलेला माणूस आहे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. तुमच्याकडे मोठा कॅमेरा नाही म्हणून तुम्ही अडला असाल तर हे जरूर लक्षात ठेवा.

वर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात या आजीने लेणं दान केलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरवून घेतलं. भाषा प्राकृत. पुस्तकाचं विचारलंत म्हणून सांगते, या भागात फिरताना माझ्या पिशवीत त्याच सातवाहनांच्या नावाने चालत आलेली गाथासप्तशती, प्राकृत कवितांचा जुना संग्रह, असते, स. आ. जोगळेकरांनी मराठीत आणलेली. दोन ओळींची एक गाथा आणि तेवढ्यात एक अख्खं दृश्य: शेत, वाटसरू, दारातली बाई, नदी. नदी म्हणजे हीच गोदावरी, तिथे तिचं नाव 'गोला'. शॉट कुठे सुरू करावा आणि कुठे तोडावा हे मला या गाथांनी जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही कार्यशाळेने शिकवलं नाही. मुद्दाम घरी वाचत नाही. संध्याकाळी नदीकाठी बसून चार-पाच वाचते आणि मिटते.

आता खाणं. मिसळीच्या ठिकाणांच्या याद्या तुम्हाला कुठेही मिळतील. मला आठवतं ते बागेतलं जेवण. तोडणीला, छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, मुक्कामाला. दुपारी वेलींच्या सावलीत फडकी सुटली: नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. एका मावशींनी माझ्याकडे न बघताच अर्धी भाकरी पुढे केली. भाकरी गार झालेली, काळपट तांबूस, तोडताना कडा भुरभुरत होत्या. चटणी काळी, तेलकट, आधी किंचित कडू आणि मग तिखट. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवला. जेवताना मावशी आपसूक बोलल्या: गावात पाणी कधी आटतं, पोरं कुणाकडे ठेवून आल्यात, परत कधी जायचं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, "आता घे काय घ्यायचं ते."

वाइन मी थोडीच पिते, पण तिच्याकडे लक्ष देऊन पिते. त्या चटणीसोबत शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन सुरेख लागली, हलकी गोडसर आणि गार. तिखटाच्या जेवणाला तुरट तांबडी वाइन घेऊ नका, तिखट आणखी झोंबतं. शिराझसारखी तांबडी राखून ठेवा ती चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरतासाठी. पण माझ्यासारखीला वाइनचं खरं सुख तिच्या आवाजात आहे. टाकीतला रस आंबत असतो तेव्हा यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येत राहतात. पिंपाच्या तोंडाशी माइक धरला की बारीक चरचर ऐकू येते, दूरवर पाऊस पडत असल्यासारखी. जरा जपून, तो वायू खाली साठतो. वायनरीतलं माणूस सोबत असल्याशिवाय वाकू नका.

नांदूर मध्यमेश्वरबद्दल थोडक्यात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला हा बंधारा, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. थंडीत पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून येतात. चापडगावच्या बाजूने पहाटे जा, आणि पहिला तासभर कॅमेरा काढूच नका. नुसता आवाज घ्या.

तेव्हा दहा दिवसांची वाटणी मी अशी करेन: चार दिवस मे महिन्यात, तीन फळछाटणीनंतर नवी फूट दिसते तेव्हा, तीन फेब्रुवारीत. मे पहिला घ्या. त्या दिवसांत पर्यटक नसतात आणि मालकांनाही बोलायला जरा सवड असते. फेब्रुवारीपर्यंत त्या बागेत तुम्हाला नावाने हाक मारणारं कोणीतरी असेल, आणि पहाटेच्या अंधारात तोडणीच्या रांगेत तुमच्यासाठी जागा केली जाईल.