युती नव्हे, साटंलोटं

एका अनुवादक वाचकाने विचारलं आहे: अमेरिकेत एकाच पक्षाच्या उमेदवारीसाठी भांडणारे दोघे मधेच तिसऱ्याविरुद्ध एक होतात, त्याला ‘अनपेक्षित युती’ म्हणावं की ‘अभद्र युती’? त्यांच्यापुढचा मजकूर २०१६ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत टेड क्रूझ आणि जॉन केसिक यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध केलेल्या समझोत्याबद्दलचा आहे.

विशेषणाचं नंतर बघू, माझी हरकत ‘युती’लाच आहे. युती म्हटलं की दोन पक्ष आले, जागावाटप आलं, एका मंचावरच्या सभा आल्या. महाराष्ट्रात तर १९८९ पासून ‘युती’ हे शिवसेना-भाजपचं जवळजवळ विशेषनाम होऊन बसलं आणि १९९९ नंतर ‘आघाडी’ काँग्रेस-राष्ट्रवादीचं. क्रूझ आणि केसिक एकाच रिपब्लिकन पक्षातले, एकाच खुर्चीवर डोळा ठेवून असलेले. त्यांच्यात झालं ते वेगळंच होतं.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात ठरवतात, आणि ट्रम्पना त्यातले १,२३७ हवे होते. ते गाठू दिले नाहीत तर निकाल पक्षाच्या अधिवेशनात लागेल आणि तिथे आपल्याला वाव मिळेल, असा दोघांचाही हिशेब. २४ एप्रिल २०१६ च्या रविवारी रात्री दोन्ही प्रचारयंत्रणांनी थोड्याच अंतराने पत्रकं काढली. इंडियानात केसिक जोर लावणार नाहीत, मैदान क्रूझना मोकळं. बदल्यात ऑरेगन आणि न्यू मेक्सिको क्रूझ सोडतील, ती केसिकना. एक राज्य घ्या, दोन द्या.

याला मराठीत नेमका शब्द आहे: साटंलोटं. साटं म्हणजे अदलाबदल, मोबदला. त्यांची मुलगी आपल्या घरात, आपली मुलगी त्यांच्या घरात, असं दुहेरी लग्न म्हणजे साटंलोटं. राजस्थानात याच चालीला आटा-साटा म्हणतात. हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, पण एका घरात कुरबुर झाली की दुसऱ्या घरातल्या सुनेला झळ पोचलीच. इंडियानातही तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी केसिक पत्रकारांना सांगू लागले की मला मत देऊ नका असं मी कुणाला म्हटलेलंच नाही, तिथल्या लोकांनी मलाच मत द्यावं. ३ मे रोजी ट्रम्पनी इंडियानाचे सगळे ५७ प्रतिनिधी खिशात घातले, क्रूझ त्याच रात्री बाहेर पडले आणि केसिक दुसऱ्या दिवशी. ऑरेगनचं मतदान १७ मेला आणि न्यू मेक्सिकोचं ७ जूनला होतं, म्हणजे परतफेडीची वेळच आली नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आजच्या वर्तमानपत्री मराठीत ‘साटेलोटे’ बहुधा बिल्डर आणि अधिकारी यांच्यात असतं, त्याला लपवाछपवीचा वास आहे. क्रूझ-केसिक यांचा व्यवहार जाहीर होता. म्हणून वृत्तान्ताच्या तटस्थ वाक्यात ‘राज्यांची अदलाबदल’ किंवा साधा ‘समझोता’ लिहा आणि ‘साटंलोटं’ राखून ठेवा ते ट्रम्प यांच्या आरोपासाठी. दोघे माझ्याविरुद्ध संगनमत करताहेत, अशीच त्यांची ओरड होती. ‘संगनमत’ही चालेल, पण त्या शब्दाला पोलिसी फिर्यादीची भाषा चिकटली आहे, ‘आरोपींनी संगनमताने’ वगैरे.

अशा सगळ्या प्रसंगांना हाच शब्द लावू नका. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात झालं त्याला गावाकडचा शब्द आहे, ‘बसणे’. ग्रामपंचायतीत ‘अमका उभा होता, पण त्याला बसवला’ म्हणतात ना, तेच. १९ फेब्रुवारीला लास व्हेगासच्या वादसभेत उमेदवारीच्या शर्यतीतले पीट बुटिजेज यांनी प्रतिस्पर्धी एमी क्लोबुशार यांना मेक्सिकोच्या अध्यक्षांचं नाव आठवलं नव्हतं यावरून टोचलं, तेव्हा ‘मी मूर्ख आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?’ अशा अर्थाचं क्लोबुशार यांनी भर मंचावर विचारलं. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, २ मार्चच्या संध्याकाळी, दोघेही शर्यतीतून बाहेर पडून डॅलसमध्ये तिसरे इच्छुक जो बायडन यांना पाठिंबा देत होते. यात देवाणघेवाण काही जाहीर झाली नाही. दोघे बसले, एवढंच.

तिसरा प्रकार मला सर्वांत मराठी वाटतो. ५ फेब्रुवारी २००८, वेस्ट व्हर्जिनियातलं रिपब्लिकन अधिवेशन. पहिल्या फेरीत उमेदवारीच्या इच्छुकांपैकी मिट रॉम्नी सर्वांत पुढे, पण निम्म्यावर नाहीत. दुसऱ्या फेरीत दुसरे इच्छुक जॉन मॅकेन यांच्या माणसांनी आपली मतं तिसरे इच्छुक माइक हकबी यांच्याकडे वळवली आणि १८ प्रतिनिधी हकबींना मिळाले. हकबींवर त्यांचं प्रेम उतू चाललं होतं असं कुणीच म्हणणार नाही. रॉम्नींना पाडायचं होतं. ‘पाडापाडी’ हा शब्द आपल्याकडे असताना इथे ‘धोरणात्मक मतदान’ असला सरकारी शब्द कशाला?

आता विशेषण. ‘अभद्र’ हा शेरा आहे. मूळ लेखकाने मारला नसेल तर अनुवादकाने मारू नये. ‘अनपेक्षित’ बरोबर आहे पण पाणचट. मथळ्याला चव हवी असेल तर ‘विळ्या-भोपळ्याची हातमिळवणी’ करा. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांना तर ती चपखल बसते. जानेवारी २०१६ मध्ये ते म्हणाले होते की ट्रम्प आणि क्रूझ यांतून निवडणं म्हणजे गोळी खायची की विष हे ठरवणं. मार्चमध्ये तेच क्रूझसाठी निधी गोळा करत होते.

राहिला ‘प्रायमरी’ हा शब्द, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी पक्षात राज्याराज्यांत होणारं मतदान. ‘प्राथमिक निवडणूक’ लिहिलं की वाचकाला पुढे माध्यमिक, उच्च माध्यमिक असेल असं वाटतं. पहिल्यांदा ‘पक्षांतर्गत उमेदवारनिवड’ असं लिहा आणि पुढे बिनदिक्कत ‘प्रायमरी’ वापरा.